स्विचला किती वेळा विचारायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे जवळपास सगळी आपल्या नाशिकच्याच एमआयडीसीतून, सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे. विषयही एकच, प्लँटमधले नेटवर्क स्विच (मशिनं केबलने एकमेकांना जोडणारे डबे), गेटवे, मीटर यांच्याकडून आकडे गोळा करून मॉनिटरिंगला लावायचेत. कुणाला साहेबांनी सांगितलंय, कुणाच्या मागे ऑडिटवाले लागलेत आणि एक-दोघांनी हौसेनं सुरू केलंय (ही मंडळी मला जास्त आवडतात). पत्रं थोडी कापून छापतोय, राग मानू नका.

प्रश्न: आमचं ऑटो पार्ट्सचं युनिट आहे. शॉप फ्लोअरवर वीसेक मॅनेज्ड इंडस्ट्रियल स्विच, त्यातले निम्मे खूप जुने. मी प्रोमिथियस (आकडे साठवणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर) आणि त्याचा एसएनएमपी एक्स्पोर्टर (एसएनएमपी म्हणजे डिव्हाइसकडून आकडे मागायची पद्धत) बसवला, दर १५ सेकंदांनी सगळं वाचतो. नवीन स्विचचा ग्राफ मस्त येतो पण जुन्यांचा तुटक तुटक, मधे मधे रिकामा. परवा तर एकाचं वेब पेजच उघडेना. स्विच मेलेत का? (सातपूर)

उत्तर: मेले नाहीत हो, तुम्ही त्यांना बोलून बोलून थकवलंय. या स्विचमध्ये पॅकेट इकडून तिकडे न्यायचं काम वेगळी चिप करते, तिला तुमच्या प्रश्नांशी काही घेणंदेणं नसतं, म्हणून मशिनं चालू राहतात आणि कुणाला कळतही नाही. पण एसएनएमपीला उत्तर देणं, वेब पेज दाखवणं आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रिंगचा (गोलात जोडलेल्या स्विचचा) प्रोटोकॉल सांभाळणं, हे सगळं एका बारक्या प्रोसेसरच्या गळ्यात असतं. त्याचं पहिलं काम तुमचा ग्राफ काढणं नाही, हे डोक्यात ठेवून सगळं सेटिंग करा.

आता हिशोब बघा. इंटरफेसचं जुनं टेबल २२ कॉलमचं, त्याची नवी पुरवणी १९ कॉलमची, म्हणजे ८ पोर्टच्या स्विचला पूर्ण वॉक मारला (सगळी टेबलं ओळीनं वाचली) की ३२८ आकडे. एसएनएमपी व्हर्जन १ मध्ये वॉक ते एकेक करून मागतो, जेवढे आकडे तेवढे प्रश्न आणि तेवढीच उत्तरं. व्हर्जन २सी मध्ये गेटबल्क आहे, एका दमात २५ मागितले तर चौदा फेऱ्यांत काम होतं. म्हणून स्विचला २सी येत असेल तर व्हर्जन १ वापरूच नका, आणि एखादं जुनं मॉडेल मोठा गेटबल्क मागितला की गप्प बसतं, त्याला २५ च्या जागी १० करून बघा.

पण खरा इलाज म्हणजे मागायचंच कमी. पोर्ट चालू आहे का, किती बाइट आले, किती गेले, एरर किती, डिस्कार्ड (टाकून दिलेली पॅकेट) किती आणि स्विच कधीपासून चालू आहे, बस. एक्स्पोर्टरबरोबर जनरेटर मिळतो, त्यात हव्या त्या ओआयडी (एकेका आकड्याचा पत्ता) लिहून स्वतःचं मॉड्यूल बनवा, सगळं झाड हलवायची गरज नाही. मॅक अ‍ॅड्रेसचं टेबल तर चुकूनही दर मिनिटाला वाचू नका. आणि १५ सेकंद कशाला? १५ सेकंदांत तुमच्याकडे कोण उठून पॅनेलपर्यंत जाणारे? ६० सेकंद ठेवा. प्रोमिथियसचा डिफॉल्ट टाइमआउट १० सेकंदांचा असतो, जुन्या स्विचसाठी वेगळा जॉब करून तो ३०-४० करा, फक्त इंटरव्हलपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

एक्स्पोर्टर स्वतःच सांगतो की प्रत्येक स्विच वाचायला किती सेकंद लागले. हा ग्राफ सगळ्यात आधी काढा. एखाद्या स्विचचा आकडा हळूहळू वाढत चालला असेल तर अजून कुणीतरी त्याला विचारतंय असं समजा. स्विच कंपनीचं सॉफ्टवेअर एका लॅपटॉपवर चालू राहिलेलं असतं, आयटीवाल्यांचं वेगळं टूल असतं, स्काडावाल्याने (स्काडा म्हणजे मशिनं स्क्रीनवर दाखवणारी सिस्टीम) पण दोन ओआयडी लावलेल्या असतात आणि तिघांनाही एकमेकांची खबर नसते.

प्रश्न: फर्मवेअर अपडेट केल्यापासून पोर्ट ३ च्या ग्राफवर पोर्ट ५ चं ट्रॅफिक दिसतंय. (अंबड)

उत्तर: तुम्ही इंडेक्स नंबरवर ग्राफ बांधलाय. रिस्टार्टनंतर तोच नंबर त्याच पोर्टला राहील अशी खात्री नसते, एखादा मॉड्यूल घातला-काढला तरी बदलू शकतो. ग्राफ पोर्टच्या नावावर बांधा, आणि त्याहून बरं म्हणजे स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला एलियास लिहा, 'सीएनसी ४', 'पेंट शॉप अपलिंक' असं. एकदा बसून लिहिलं की रात्रपाळीच्या माणसालाही मेसेज वाचून कळतं कुठे जायचंय.

प्रश्न: स्विचच्या स्वतःच्या पेजवर ट्रॅफिक जास्त दिसतं, आमच्या ग्राफवर कमी. गिगाबिटच्या अपलिंकवर फरक खूपच मोठा आहे. कोणाचं खरं मानायचं? (सिन्नर)

उत्तर: स्विचचं. तुम्ही जुना ३२ बिटचा काउंटर वाचताय. तो ४,२९,४९,६७,२९५ बाइटपर्यंत मोजतो आणि मग परत शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन फुल भरून चालली तर हे पावणेसहा मिनिटांत होतं, गिगाबिटवर ३४ सेकंदांत. तुमचा इंटरव्हल ६० सेकंदांचा असेल तर दोन वाचनांच्या मधे काउंटर एक फेरी पूर्ण करून दुसरीत गेलेला असू शकतो आणि तुम्हाला पत्ता नाही. त्यात प्रोमिथियसला आकडा कमी झालेला दिसला की तो समजतो डिव्हाइस रिस्टार्ट झालं, शून्यापासून मोजायला लागतो, मधले बाइट गेले. म्हणून ग्राफ कमी येतो. जुनी आरआरडीवाली (ठरावीक आकाराच्या फाइलमध्ये डेटा ठेवणारी) टूल याच्या उलट वागतात, ती फेरी पकडतात पण स्विच खरोखर रिस्टार्ट झाला की आभाळाएवढा स्पाइक दाखवतात. हा स्पाइक घेऊन कुणी तुमच्याकडे 'व्हायरस आलाय' म्हणून आलं तर आधी स्विचचा अपटाइम बघा.

इलाज सोपाय, ६४ बिटचे काउंटर घ्या, नावात 'एचसी' असतं. फक्त हे काउंटर एसएनएमपी व्हर्जन १ मध्ये मिळतच नाहीत, त्यासाठी २सी किंवा ३ लागतं. आणि अपटाइम पण ३२ बिटचाच असतो, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो, त्यामुळे ४९७ दिवसांनी तोही शून्यावर येतो. आपल्याकडे लाइटच्या कृपेने तेवढे दिवस सलग चालणारा स्विच विरळाच, पण चांगल्या यूपीएसवर असतील तर 'रिस्टार्ट झाला' असा खोटा अलर्ट एक दिवस येणार.

प्रश्न: मी इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमा केलाय, नवीनच लागलेय. आमच्याकडे १६ एनर्जी मीटर एका आरएस-४८५ लाइनवर आहेत, पुढे मॉडबस (मीटर-मशिनांशी बोलायचा प्रोटोकॉल) गेटवे आणि त्यापुढे टेलिग्राफ (आकडे गोळा करणारं सॉफ्टवेअर). व्होल्टेजच्या जागी शून्य येतं, कधी काहीतरी भलतंच. एक मीटर बंद पडला की सगळ्यांचे आकडे उशिरा येतात. सीनियर म्हणतात मीटरच लोकल आहेत, बदला. (सिन्नर, माळेगाव एमआयडीसी)

उत्तर: ताई, मीटर बदलायची घाई करू नका. मॉडबस १९७९ सालचा, मोडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) काढलेला. त्याला एकेक बिट आणि १६ बिटचं रजिस्टर एवढंच कळतं, दशांश वगैरे त्याच्या गावीच नाही. मीटरवाल्यांना २३०.० व्होल्ट पाठवायचे असतील तर ते ३२ बिटचा फ्लोट (दशांशाचा आकडा) करून दोन रजिस्टरमध्ये तोडतात. आता कुठला तुकडा आधी पाठवायचा हे ज्याचं त्यानं ठरवलंय. २३०.० चे दोन तुकडे होतात हेक्समध्ये ४३६६ आणि ००००, साध्या आकड्यात १७२५४ आणि ०. हे उलटे जोडले की जो फ्लोट तयार होतो तो इतका बारीक असतो की स्क्रीनवर शून्यच दिसतो. तुमचं शून्य बहुतेक हेच आहे. टेलिग्राफमध्ये बाइट ऑर्डरचं सेटिंग असतं, ते बदलून बघा. कुठलंही टेस्टिंग सॉफ्टवेअर घेऊन दोन रजिस्टर कच्ची वाचा, १७२५४ च्या आसपासचा आकडा दिसला तर मीटर अगदी ठणठणीत आहे.

'भलतंच काहीतरी' येतं तिथे एकाचा फरक असणार. मॅन्युअलमध्ये ३०००१ लिहिलंय म्हणजे इनपुट रजिस्टर, फंक्शन ४, आणि लाइनवर प्रत्यक्षात जातो पत्ता ०. ४०००१ म्हणजे होल्डिंग रजिस्टर, फंक्शन ३, पत्ता परत ०. काही मीटरवाले मॅन्युअलमध्ये एकपासून मोजतात, काही शून्यापासून, आणि काहींनी वर टीप दिलेली असते जी कुणी वाचत नाही. एकाने चुकलं की एका व्होल्टेजचा मागचा अर्धा आणि दुसऱ्याचा पुढचा अर्धा जोडून आकडा तयार होतो, तो कसाही असू शकतो.

आता उशिराचं. ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात. सलग २० रजिस्टर एकदम मागितली तर ८ बाइटचा प्रश्न आणि ४५ बाइटचं उत्तर, म्हणजे ५५ मिलिसेकंद, वर मीटरला विचार करायला शंभरेक धरा. १६ मीटर अडीच सेकंदांत होतात. तेच दहा फ्लोट एकेक करून मागितले तर प्रत्येक वेळी ते शंभर मिलिसेकंद भरावे लागतात, एका मीटरलाच सव्वा सेकंद, सगळ्यांना वीसेक सेकंद. म्हणून सलग ब्लॉक मागा, मॉडबसमध्ये एका वेळी १२५ रजिस्टरपर्यंत चालतं. आणि बंद मीटरसाठी तुमच्या गेटवेत टाइमआउट १ सेकंद आणि तीन प्रयत्न असं असेल तर तो एकटा मेलेला मीटर बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ खातो, बाकीचे रांगेत उभे. टाइमआउट ३०० मिलिसेकंदांवर आणा, प्रयत्न एकच जादा ठेवा.

जाता जाता वायरिंगही बघून घ्या. १२० ओमचा रेझिस्टर लाइनच्या दोन्ही टोकांना हवा, मधे कुठे नको, आणि केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमधून गेली असेल तर ड्राइव्ह चालू असतानाच आकडे गळतील. सीनियरना हे पटत नसेल तर मोटर चालू असताना आणि बंद असताना सीआरसी एरर (वाटेत बिघडलेले मेसेज) किती वाढतात ते गेटवेवरच दाखवा. अजून एक, किलोवॉटपेक्षा युनिटचा काउंटर आवर्जून घ्या. किलोवॉट त्या क्षणाचा असतो, वाचन चुकलं की गेला. युनिट मीटरमध्ये साठत राहतात, तासभर गेटवे बंद होता तरी हिशोब लागतो.

प्रश्न: ऑडिटवाले १८० दिवसांचा डेटा ठेवा म्हणतात, प्रोमिथियस १५ दिवसांनी पुसतो. मोठा सर्व्हर घ्यावा लागेल का? (अंबड)

उत्तर: १५ दिवस हा डिफॉल्ट आहे, एका फ्लॅगने बदलतो. २० स्विच, ८ पोर्ट, पोर्टमागे ८ आकडे, दर मिनिटाला, असे १८० दिवस म्हणजे सुमारे ३३ कोटी नोंदी. एका नोंदीला दोन बाइटपर्यंत धरले तरी पाऊण जीबीच्या आत. जुना डेस्कटॉप पुरेल. पण ऑडिटवाल्यांना परत एकदा विचारा, कारण सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमधले १८० दिवस हे लॉगसाठी आहेत. तुमचे ग्राफ म्हणजे लॉग नव्हे. स्विचचा सिसलॉग (कधी काय घडलं याच्या नोंदी) एका वेगळ्या ठिकाणी साठवायला लागेल, आणि त्यात वेळ बरोबर हवी, म्हणजे सगळ्या डिव्हाइसना एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावा. लाइट जाऊन आली की काही जुने स्विच १९७० सालात जाऊन बसतात, तसले लॉग घेऊन ऑडिटरसमोर बसायचं म्हणजे अवघड.

प्रश्न: लाइट गेली की व्हॉट्सअ‍ॅपवर शंभरेक अलर्ट येतात. आता सगळ्यांनी ग्रुप म्यूट केलाय. मागच्या पावसाळ्यात रिंग असूनही अख्खी लाइन बंद पडली आणि मॉनिटरिंगने आधी काहीच सांगितलं नाही. मग हे सगळं कशासाठी? (अंबड)

उत्तर: या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. तुमचे दोन्ही त्रास एकाच कारणानं आहेत, नको तिथे अलर्ट लावलेत आणि हवे तिथे नाहीत.

रिंगचं आधी. रिंग असली की एक फायबर तुटली तरी ट्रॅफिक उलट्या बाजूने फिरतं, एमआरपीसारख्या प्रोटोकॉलमध्ये हे नेहमीच्या सेटिंगला २०० मिलिसेकंदांच्या आत होतं, मशिनवाल्याला समजतही नाही. अडचण तीच आहे, समजत नाही! उंदराने जूनमध्ये एक केबल खाल्ली, सगळं चालू, ऑगस्टमध्ये पॅनेलमध्ये पाणी गेलं आणि दुसरी गेली, आता मधले स्विच तुटून पडले. लोक म्हणतात रिंग फेल झाली. रिंग दोन महिन्यांपूर्वीच उघडी पडली होती, तिच्याकडे बघितलं कुणी नाही. तुमच्याकडेही असंच झालं असायची शक्यता दाट आहे, त्या दिवसाच्या आधीचा रिंग पोर्टांचा ग्राफ काढून बघा. म्हणून प्लँटमध्ये एकच अलर्ट लावायला परवानगी असेल तर मी रिंग उघडल्याचा लावीन. हा आकडा बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या एमआयबीत (स्विचकडे काय काय मागता येतं त्या यादीत) असतो, ती फाइल त्यांच्या साइटवरून घ्या. नाहीच मिळाली तर प्रत्येक स्विचच्या दोन्ही रिंग पोर्टांची स्थिती बघा, एकही डाउन दिसला की मेसेज. तसंच दोन पॉवर इनपुटांचं. एक सप्लाय जळला तरी स्विच दुसऱ्यावर चालत राहतो, आणि हेही कोणी बघत नाही.

ट्रॅपवर (स्विच स्वतःहून पाठवतो त्या इशाऱ्यावर) विसंबू नका. ट्रॅप यूडीपीवर जातो, १६२ पोर्टला, पोचला का हे पाठवणाऱ्याला कळत नाही, आणि नेटवर्क बिघडलेलं असतानाच तो पाठवायचा असतो. ट्रॅप लवकर कळायला ठेवा, खात्रीसाठी पोलिंग, म्हणजे आपण ठरावीक वेळाने विचारणं.

आता शंभर मेसेजचं. मशिनच्या पोर्टवर लिंक डाउनचा अलर्ट काढून टाका. शिफ्ट सुटली, ऑपरेटरने मशिन बंद केलं, लिंक डाउन होणारच, त्यात बातमी काय? त्या पोर्टवर एरर वाढतायत का तेवढं बघा. सीआरसी एरर वाढतायत म्हणजे कनेक्टर ढिला, केबल ड्राइव्हच्या शेजारी, नाहीतर एका बाजूला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) आणि दुसरीकडे हाफ (एका वेळी एकच). जुन्या पीएलसीला १०० फुल हातानं फिक्स करून ठेवतात आणि स्विचकडे ऑटो राहतं, तिथे हे हमखास होतं. बाकी अपलिंक आणि रिंगचे अलर्ट दोन-तीन मिनिटं थांबून पाठवा, अलर्टमॅनेजरमध्ये (प्रोमिथियसचा अलर्ट पाठवणारा भाग) पॅनेलनुसार ग्रुप करा, आणि वरचा स्विच डाउन असेल तर खालच्यांचे मेसेज दाबायचा नियम लिहा. लाइट गेली की एकच मेसेज यायला हवा, 'पॅनेल अमुक बंद'. ग्रुपमधल्या लोकांना म्यूट काढायला लावणं मात्र तुमचं तुम्हालाच करावं लागेल, त्याला कुठलं सेटिंग नाही.

प्रश्न: आयटी म्हणतं मॉनिटरिंग सर्व्हर ऑफिसच्या नेटवर्कमध्ये ठेवा आणि फायरवॉलमध्ये मशिनपर्यंत रस्ता द्या. मेंटेनन्स म्हणतं प्लँटच्या नेटवर्कला हातच लावायचा नाही. मी मधे अडकलोय. (गोंदे)

उत्तर: या वेळी मी मेंटेनन्सच्या बाजूने, पण अर्धाच. मॉडबसला पासवर्ड हा प्रकारच नाही, ५०२ पोर्टवर जो वाचू शकतो तो लिहूही शकतो. फंक्शन ३ आणि ४ वाचायचे, ५, ६, १५, १६ लिहायचे, बाकी राखण काही नाही. ऑफिसमधल्या एखाद्या पीसीत काही शिरलं आणि तिथून पीएलसीपर्यंत सरळ रस्ता असेल तर झालं कल्याण.

कलेक्टर (आकडे गोळा करणारा सर्व्हर) प्लँटच्या बाजूलाच ठेवा, तो स्थानिक वाचेल. ऑफिसला फक्त तयार आकडे द्या, तेही कलेक्टरने आतून बाहेर ढकलायचे, प्रोमिथियसच्या रिमोट राइटने होतं. फायरवॉलवर बाहेरून आत काहीच उघडायचं नाही. आयईसी ६२४४३ (कारखान्यांच्या सायबर सुरक्षेचं स्टँडर्ड) वाचलेले लोक याला झोन आणि कंड्यूट म्हणतात, आयटीशी बोलताना हे शब्द टाका, लवकर पटतं. स्विचवर 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' या डिफॉल्ट कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचे पासवर्डच म्हणा) अजून तशाच असतील, प्रायव्हेट बंद करा, पब्लिक बदला, आणि फक्त कलेक्टरच्या आयपीला उत्तर द्यायचं असं स्विचमध्ये लिहा. २सीत कम्युनिटी स्ट्रिंग उघडीच जाते, जमेल तिथे व्हर्जन ३ घ्या, मात्र जुन्या स्विचला एन्क्रिप्शन जड जातं, आधी एकावर करून बघा. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, एसएनएमपी एक्स्पोर्टरचा ९११६ पोर्ट उघडा राहिला तर कुणीही त्याला सांगू शकतो की अमक्या आयपीला जाऊन विचारून ये, तो बिचारा जातो. तो पोर्ट कलेक्टरच्या बाहेर दिसू देऊ नका.

प्रश्न: आमचं द्राक्षांचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे. चार कंट्रोलर, एक स्विच, एक मोडेम. मुलगा म्हणतो प्रोमिथियस, ग्राफाना (ग्राफ दाखवणारं सॉफ्टवेअर) सगळं लावू. खरंच लागतं का? (दिंडोरी)

उत्तर: नाही लागत दादा. मुलाला शिकायचं असेल तर जरूर लावू द्या, पण धंद्यासाठी तुम्हाला तीनच गोष्टी कळायला हव्यात, खोलीचं तापमान शून्य-एक डिग्रीच्या आसपास आहे का, कॉम्प्रेसर चालू आहे का आणि आकडे येतायत का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण आकडा यायचा बंद झाला की साध्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच आकडा दिसत राहतो आणि आपण निवांत झोपतो. दहा मिनिटं नवीन आकडा आला नाही तर फोन वाजला पाहिजे एवढं मुलाकडून करून घ्या, आणि हे तपासणारं कोल्ड स्टोरेजच्या बाहेर कुठेतरी चालू द्या, आतच ठेवलं तर तेही सगळ्यांबरोबर बंद पडेल. स्विच आणि मोडेमला एक छोटा यूपीएस लावा, सीझनमध्ये रात्री लाइट जाते तेव्हाच तो मेसेज निघायला हवा.